तेवीस की चोवीस?

न्यू जर्सीत आमचं एक छोटं मराठी मंडळ आहे. दीडशे-पावणेदोनशे कुटुंबं, संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी, उन्हाळ्यात एक पिकनिक. मी त्या मंडळाची "वेबसाइटवाली". खरं तर माझी नोकरी एका दवाखान्यात बिलं तपासण्याची. प्रोग्रामिंगशी माझा संबंध शून्य. पण एका वर्षी वार्षिक सभेत "साइट कोण बघणार?" असा प्रश्न आला, सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि माझी मान तेवढी वर राहिली. तेव्हापासून रात्री भांडी आवरली की लॅपटॉप उघडायचा आणि वर्डप्रेसच्या फायली उसवायच्या, हा माझा छंद म्हणा किंवा शिक्षा म्हणा.

आज जे सांगणार आहे ते तारखेबद्दल आहे. वेबसाइटवर तारीख कशी दिसते, एवढीच क्षुल्लक गोष्ट. तिच्यापायी मी आमच्या मंडळातल्या एकेचाळीस माणसांना एकेक दिवस आधी मारून ठेवलं होतं, तेही तब्बल दीड महिना.

झालं असं. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे जी लाट आली ती तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. आमच्या मंडळात असं घर नव्हतं जिथे तिकडून वाईट फोन आला नाही. जायची सोय नव्हती. व्हिसावर असलेल्यांना, गेलो तर परत येता येईल का याची खात्री नव्हती आणि ४ मेपासून तर अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर निर्बंधच घातले. लोकांनी आईवडिलांचे शेवटचे विधी फोनच्या पडद्यावर पाहिले. दिवस करायला हॉल नाही, भेटायला कोणी येणार नाही. तेव्हा कमिटीने ठरवलं की साइटवर एक "स्मरण" पान करू. नाव, फोटो, गाव, दोन ओळी आणि तारीख. सभासदांनी फॉर्म भरायचा, पान आपोआप तयार होईल. ते पान करताना मी काही फॉर्म वाचताना रडलेही, पण काम झालं आणि लोकांना ते आवडलं. पुढे लाट ओसरली तरी पान राहिलं, आणि नावं वाढत गेली.

पहिली दोन वर्षं त्या पानावर तारीख इंग्रजीत यायची. "एप्रिल २४, २०२१" असं, अमेरिकन पद्धतीने महिना आधी, रोमन लिपीत. वर मराठीत नाव, खाली मराठीत दोन ओळी आणि मध्ये ही परकी तारीख. मला ते दातात अडकलेल्या सुपारीसारखं टोचायचं. २०२३च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, मी साइटची थीम नव्याने लावायला घेतली आणि ठरवलं, आता तारीख मराठीत आणायचीच.

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. कंटाळू नका, कारण पुढची सगळी भानगड यातच आहे.

संगणक तारीख आपल्यासारखी ठेवत नाही. आमच्या फॉर्ममधली तारीख आतमध्ये एका लांबलचक आकड्यासारखी साठते: १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून आतापर्यंत किती सेकंद झाले, तो आकडा. याला टाइमस्टँप म्हणतात. उदाहरणार्थ १६१९२२२४०० म्हणजे २४ एप्रिल २०२१, रात्रीचे बारा. पण कुठल्या गावातले बारा? यूटीसीचे, म्हणजे आपण सवयीने जिला ग्रीनिच वेळ म्हणतो त्या वेळेचे. ती १९७०ची मध्यरात्र झाली तेव्हा मुंबईत पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशीचे, म्हणजे ३१ डिसेंबरचे, संध्याकाळचे सात. म्हणजे संगणकाच्या काळाची सुरुवातच एका गावात एका वर्षी आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या वर्षी झाली.

हा आकडा माणसाला वाचता येईल असा करायचं काम थीमच्या टेम्प्लेटमध्ये होतं. टेम्प्लेट म्हणजे पानाचा साचा. त्यात जिथे तारीख हवी तिथे एक फंक्शन लिहायचं आणि त्याला काही अक्षरं द्यायची. इंग्रजी लहान "जे" दिलं की दिवसाचा आकडा, मोठा "एफ" दिला की महिन्याचं पूर्ण नाव, मोठा "वाय" म्हणजे चार आकडी वर्ष, लहान "एल" म्हणजे वार. ही अक्षरं कोणी ठरवली देव जाणे. त्यांत लहान-मोठ्याचा घोळ केला की पानावर वेगळंच काहीतरी उमटतं.

माझा पहिला घोळ याच अक्षरांचा होता आणि तो गमतीचा होता. वेळ दाखवायची म्हणून मी तासानंतर दोन टिंबं आणि लहान "एम" लिहिलं. एम म्हणजे मिनिट, नाही का? नाही. एम म्हणजे महिना. मिनिटाला "आय" लागतो. मिनिटाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं दुसरं अक्षर. त्या वर्षी गणपती सप्टेंबरात, त्यामुळे साइटवरच्या प्रत्येक कार्यक्रमाची वेळ "शून्य नऊ"ने संपत होती. प्रतिष्ठापना ९:०९, आरती ११:०९, महाप्रसाद १:०९. कोणाला काही वावगं वाटलं नाही. लोकांना वाटलं, भटजींनी काढून दिलेला मुहूर्त असेल. आरती खरं म्हणजे साडेअकराला होती, पण मंडळाच्या इतिहासात प्रथमच हॉल अकरा वाजून पाच मिनिटांनी भरलेला होता. त्यावर आमचे अध्यक्ष म्हणाले, "ही चूक दरवर्षी करत जा."

दुसरा घोळ तिरप्या रेघांचा. पिकनिकची तारीख मी ०६/०७ अशी दिली होती, म्हणजे अमेरिकन हिशोबाने ७ जून. एकांचे वडील नुकतेच नाशिकहून आलेले. त्यांनी फ्रिजवरचा कागद वाचून ६ जुलै समजले आणि जून महिन्यात मुलगा-सून गाडीत डबे भरताना बघून म्हणाले, "अरे, महिनाभर आधी कशाला निघालात?" गंमत सोडा, पण हा गोंधळ संगणकाच्या आतही आहे. पीएचपी या भाषेत, जिच्यात वर्डप्रेस लिहिलेलं आहे, अंकांतली तारीख वाचताना तिरपी रेघ दिसली तर महिना आधी धरतात आणि आडवी रेघ दिसली तर दिवस आधी. म्हणजे रेघ कशी काढली यावरून माणूस कुठला ते ठरवतात! तेव्हापासून आमच्या साइटवर महिना आकड्यात लिहायचा नाही हा नियमच केला. महिन्याचं नाव लिहा, म्हणजे आजोबांचा आणि नातवाचा घोळ होत नाही.

थीम बदलताना मला आणखी एक गोष्ट काढून टाकावीशी वाटली. हल्ली बऱ्याच थीममध्ये तारखेऐवजी "३ तासांपूर्वी", "२ वर्षांपूर्वी" असं लिहून येतं. बातम्यांना ठीक आहे. त्यात एक सोयही आहे, की कुठल्या गावाची वेळ हा प्रश्नच येत नाही. तीन तास म्हणजे मिरजेतही तीन तास आणि न्यू जर्सीतही तीनच. पण गेलेल्या माणसाच्या फोटोखाली "२ वर्षांपूर्वी"? गेलेल्या माणसाची तारीख असते. दरवर्षी येते. ती अशी वाहून जाऊ देता येत नाही. काढली ती ओळ.

आता मुख्य घोळ. जुन्या टेम्प्लेटमध्ये तारखेसाठी साधं "डेट" नावाचं फंक्शन होतं. ते महिन्याचं नाव फक्त इंग्रजीत देतं. वर्डप्रेसचं स्वतःचं दुसरं फंक्शन आहे, "डब्ल्यूपी डेट". साइटची भाषा मराठी केलेली असेल तर ते "एप्रिल", "सप्टेंबर", "शनिवार" असं छान देवनागरीत देतं. आकडे मात्र रोमनच येतात. ते मी वेगळी एक ओळ लिहून, शून्य ते नऊ असे दहाच्या दहा बदलून घेतले. (त्यावरही एका आईची तक्रार आली, की तिची मुलगी मराठी "१" ला नऊ वाचते आणि "५" ला चार. खरं आहे. म्हणून कार्यक्रमांच्या पानावर दोन्ही आकडे ठेवले. स्मरणाच्या पानावर मात्र मी हट्टाने मराठीच ठेवले.) एका फंक्शनच्या जागी दुसरं, एवढाच बदल. पान उघडून बघितलं. वर नाव, खाली "२३ एप्रिल २०२१". काय सुंदर दिसलं म्हणून सांगू! नवऱ्याला उठवून दाखवलं. तो म्हणाला, "छान आहे," आणि झोपला.

तेवीस! कालपर्यंत तिथे चोवीस होतं. माझ्या लक्षातच आलं नाही. अक्षरं मराठीत आली या आनंदात आकडा कोण बघतो?

दीड महिना गेला. पितृपंधरवडा आला. या दिवसांत त्या पानावर वर्दळ वाढते, लोक तिकडच्या नातेवाइकांना दुवा पाठवतात. एके दिवशी सकाळी आमच्या मंडळातल्या एका काकूंचा मेसेज. त्यांच्या भावाने मिरजेहून कुटुंबाच्या ग्रुपवर पानाचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, "ताई, आईची तारीख चुकली आहे. दाखल्यावर २४ आहे." काकूंनी तो मला पुढे पाठवला, सोबत एकच ओळ: "बघशील का गं जरा, घाई नाही."

मला वाटलं, काकूंनी फॉर्म भरताना चूक केली असेल. मूळ नोंद काढली. तिथे स्पष्ट २४. मग आणखी एक उघडली. मग आणखी एक. पानावर एकेचाळीस नावं होती आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस तारखा एक दिवस मागे सरकलेल्या होत्या. ऑफिसला जायची वेळ झाली होती, पण मला उठवेना.

कारण शोधायला रात्र गेली. शेवटी एका युक्तीने सापडलं: टेम्प्लेटमध्ये तारखेसोबत वेळही छापून बघितली. आणि पानावर जे उमटलं त्याने अंगावर काटा आला. उन्हाळ्यात गेलेल्या प्रत्येक माणसापुढे रात्रीचे ८:०० आणि हिवाळ्यात गेलेल्या प्रत्येकापुढे संध्याकाळचे ७:००. एवढी माणसं, वेगवेगळ्या गावची, वेगवेगळ्या वर्षांतली, आणि सगळी एकाच ठोक्याला गेलेली.

उलगडा असा. फॉर्ममध्ये लोक फक्त तारीख भरतात, वेळ कोणी भरत नाही. पण आमच्या फॉर्मला तारीख टाइमस्टँप म्हणूनच ठेवायची होती आणि टाइमस्टँप हा एक क्षण असतो. त्याला तास-मिनिट लागतंच. मग त्याने आपल्या मनाने रात्रीचे बारा लावले, तेही यूटीसीचे. जुनं "डेट" फंक्शन वर्डप्रेसमध्ये यूटीसीनेच चालायचं, त्यामुळे बारा ते बाराच राहायचे आणि तारीख बरोबर यायची. नवीन फंक्शन शहाणं. ते साइटचं गाव बघतं. आमच्या साइटचं गाव न्यूयॉर्क. ग्रीनिचला २४ तारखेच्या रात्रीचे बारा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात २३ तारखेचे रात्रीचे आठ वाजलेले असतात, आणि घड्याळं मागे गेली की संध्याकाळचे सात. त्याच्या हिशोबाने ते बरोबरच होतं.

गंमत म्हणजे हीच चूक दुबईतल्या, मॉरिशसमधल्या किंवा लंडनमधल्या मंडळाने केली असती तर कोणाला कळलंही नसतं. तिकडे त्या क्षणी पहाटेचे चार किंवा लंडनला बारा-एक वाजलेले असतात, तारीख तीच राहते. ग्रीनिचच्या पश्चिमेला असणाऱ्यांनाच ही शिक्षा. तुमच्यापैकी कोणी टोरांटोची, शिकागोची किंवा कॅलिफोर्नियाची साइट सांभाळत असेल तर आज रात्री एकदा जन्मतारखा, पुण्यतिथ्या असलेली पानं तपासून बघा. वेळ छापून बघा. सगळ्यांपुढे एकच वेळ आली तर समजा.

तात्पुरता उपाय सोपा होता: नव्या फंक्शनला शेवटी "यूटीसी धर" असं सांगता येतं. एका ओळीचं काम. पहाटे तीनला सगळ्या तारखा पुढे सरकल्या. मग मी एकेका कुटुंबाला मेसेज लिहिले, झालेली चूक माझी आहे, क्षमा असावी. एकेचाळीस मेसेज. कोणी रागावलं नाही, याचंच वाईट वाटलं. एकजण म्हणाली, "मी बघितलं होतं गं, पण वाटलं, इकडची आणि तिकडची तारीख वेगळी असते ना, म्हणून तू तशी लावली असशील." म्हणजे आपण इथे राहून तारखेच्या बाबतीत इतके सैल झालो आहोत, की आई गेल्याची तारीख एक दिवस इकडेतिकडे झाली तरी आपण समजून घेतो.

हे सगळं इथे संपायला हवं होतं. पण दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. मेसेज नाही, फोन.

"अगं, तू तारीख बदललीस का?"

"हो काकू, भाऊ म्हणाले तेच बरोबर होतं. चोवीस."

थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दाखल्यावर चोवीसच आहे, मला माहिती आहे. पण मला तेवीस बघून बरं वाटलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची आई गेली ती मिरजेत, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी. तिकडे २४ एप्रिल लागलेली होती. पण इथे शुक्रवार, २३ एप्रिल, दुपारचे चार वाजून चाळीस मिनिटं. काकू तेव्हा घरूनच काम करत होत्या, मीटिंग चालू होती. फोन वाजला, त्यांनी पाहिला आणि मीटिंग संपेपर्यंत उचलला नाही. पाच मिनिटं. "तो शुक्रवार होता," त्या म्हणाल्या. "माझी आई शुक्रवारी गेली. शनिवारी मी काय केलं ते मला आठवतसुद्धा नाही."

मी फोन ठेवला तरी ते डोक्यातून जाईना. मी काकूंची तारीख "दुरुस्त" केली होती, आणि ती दुरुस्ती बरोबरही होती आणि नव्हतीही. क्षण एकच होता. त्याला मिरजेत एक नाव होतं, न्यू जर्सीत दुसरं. टाइमस्टँप क्षण सांगतो. तारीख गाव विचारल्याशिवाय सांगताच येत नाही.

त्यात आपल्या परंपरेने आणखी एक गुंता घातला. पुढच्या फोनला काकू म्हणाल्या, की मिरजेच्या घरीही सगळे बोलताना "शुक्रवारी रात्री गेली" असंच म्हणतात. बरोबर आहे. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला नाही. रात्री दोनला शनिवार लागला हे दाखला म्हणतो, घर म्हणत नाही. आणि तिथीचं आणखी वेगळं. तिथी चंद्र-सूर्यातल्या अंतरावरून ठरते, त्यामुळे त्या क्षणी जी तिथी मिरजेत होती तीच इथे होती: चैत्र शुद्ध द्वादशी. भटजींनी श्राद्धासाठी तीच धरली. म्हणजे तारीख दोन, वार कोणाला विचाराल त्यावर, पण तिथीवर बहीण-भावाचं एकमत. मी आजवर तिथीने वाढदिवस सांगणाऱ्या माझ्या सासूबाईंना हसत आले, आता हसत नाही.

घड्याळांचा हा दुटप्पीपणा काही परदेशात आल्यामुळेच झाला असंही नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण मुंबईने आपली वेगळी मुंबई टाइम त्यानंतरही कितीतरी वर्षं, सुमारे १९५५पर्यंत चालवली. ३९ मिनिटं मागे. एकाच गावात दोन वेळा. आणि आता वर्डप्रेसच्या यादीत भारताची वेळ निवडायची तर "मुंबई" सापडतच नाही, "कोलकाता" निवडावं लागतं. आमच्या कमिटीत एक मुंबईकर आहेत, ते अजून याबद्दल माझ्याशी भांडतात, जणू यादी मीच केली.

शेवटी मी कमिटीपुढे विषय नेला. चर्चा तासभर चालली, चहा दोनदा झाला. एकजण म्हणाले, साइट अमेरिकेतली, मग अमेरिकेची तारीख. दुसरे म्हणाले, मग माझे वडील इथे माझ्याकडे असताना संध्याकाळी गेले, तेव्हा पुण्यात दुसरा दिवस उजाडला होता, माझा भाऊ दुसरीच तारीख धरतो, त्याचं काय? शेवटी ठरलं ते साधं होतं: माणूस ज्या गावात गेला त्या गावाची तारीख, आणि तारखेशेजारी गावाचं नाव. जन्मतारखेलाही तोच नियम.

हे ठरल्यावर मी पंधरा दिवस बसून सगळ्या नोंदी टाइमस्टँपमधून बाहेर काढल्या. आता त्या साध्या मजकुरासारख्या साठतात: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडवी रेघ. त्यात तास नाही, मिनिट नाही, त्यामुळे कुठलंही फंक्शन कितीही शहाणं असलं तरी त्यांना पुढेमागे सरकवू शकत नाही. टाइमस्टँप ठेवले ते फक्त जिथे खरोखर क्षण आहे तिथे: ऑनलाइन व्याख्यान, सभा, तिकीटविक्री बंद होण्याची वेळ. तिथे गाव लागतंच, आणि तेही "यूटीसी वजा ५" असं न निवडता "न्यूयॉर्क" असंच निवडावं लागतं. नाहीतर मार्चमध्ये घड्याळं पुढे गेली की साइट तासभर मागे राहते. ते एका वक्त्यांना पुण्यात रात्री तासभर ताटकळत ठेवून मी आधीच शिकले होते. उन्हाळ्यात आपल्यात आणि भारतात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा, हे आपल्याला तोंडपाठ आहे. साइटला मात्र सांगावं लागतं.

काकूंच्या ओळीसाठी मात्र मी नियमाबाहेर गेले. त्यांनीच विचारलं, "वेळ लिहिता येईल का?" येईल, म्हटलं. फक्त प्रश्न असा होता, की दोन वाजून दहा मिनिटांच्या आधी शब्द कोणता लिहायचा. फंक्शन दिवसाचे दोनच भाग जाणतं, दुपारी बाराच्या आधीचा आणि नंतरचा. "पहाटे" लिहावं तर काकूंच्या भावाने नको म्हटलं, पहाट व्हायला वेळ होता म्हणे. "मध्यरात्री" काकूंना आवडेना. दोघं बहीण-भाऊ यावर ग्रुपवर आठवडाभर बोलत होते, आणि काकू म्हणाल्या की आई गेल्यापासून ते दोघं आईबद्दल इतकं पहिल्यांदाच बोलले. शेवटी ओळ ठरली:

मिरज, शनिवार, २४ एप्रिल २०२१, रात्री २:१०.

त्यात शनिवार आहे हे मी काकूंना पुन्हा विचारून घेतलं. "असू दे," म्हणाल्या. "वेळ आहे ना. बाकीचं मी करते."

गेल्या एप्रिलमध्ये साइट अधूनमधून बंद पडत होती म्हणून मी सर्व्हरच्या नोंदी चाळत होते. कुठलं पान कधी उघडलं गेलं, त्याची लांबच लांब यादी. त्यात तारखा कच्च्या, यूटीसीत असतात, सजवलेल्या नसतात. स्मरणाचं पान त्या आठवड्यात फारसं कोणी उघडलं नव्हतं. २३ एप्रिलला एकदाच उघडलं होतं, २० वाजून ४३ मिनिटांनी. मी सवयीने त्यातून चार तास वजा केले.